कमरेवरचा वळ आणि मुगाएवढी कातडी

गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी वही उघडून बसतो. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, व्याज किती झालं. आज वही मिटून ठेवली आहे. आज कमरेवरच्या वळाची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या निमित्ताने एका तपासणीचा इतिहास. त्या तपासणीला डॉक्टर बायोप्सी म्हणतात. आपण म्हणतो, तुकडा काढून तपासायला पाठवला.

आमच्या एका गटात एक आक्का आहेत. साठी ओलांडलेल्या, गट सुरू झाला तेव्हापासूनच्या सभासद. खुरपणीला वाकलं की साडी सैल व्हायला नको म्हणून परकराची नाडी करकचून बांधायची, हे त्यांना लग्नाआधीपासून अंगवळणी पडलेलं. नाडीची गाठ उजव्या कुशीवर. तिथे आधी काळा पट्टा पडला, मग कोंडा सुटायला लागला, मग भेग पडली. भेगेची जखम झाली. खपली धरायची, परत निघायची. नाडीवर रक्ताचा डाग दिसायचा. असं पावणेदोन वर्षं चाललं.

त्यांनी ती जखम आम्हाला दाखवली होती. हे आम्ही कबूल करतो. आम्हीच म्हणालो, "आक्का, नाडीचं आहे ते, हळद लावा." सगळ्या हसलो आणि हप्त्याचं बोलायला लागलो. पुढे आशाताईंनी जखम पाहिली. कडा वर उचलल्यासारख्या झाल्या होत्या, जांघेत दुखत होतं. त्यांनी रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासू. आक्का तिथून उठून सरळ घरी आल्या. म्हणाल्या, "सुरी लागली की तो वणव्यासारखा पेटतो. माझ्या नणंदेचं असंच झालं. तुकडा काढला आणि सहा महिन्यांत गेली."

या बोलण्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. इतिहास घेऊन बी.ए. केलं तेव्हा आम्ही लढाया आणि तह पाठ केले. आपल्या अंगावरच्या कातडीचाही इतिहास असतो हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आम्ही पुस्तकं पाहिली, डॉक्टरांना विचारलं. जे हाती लागलं ते आक्कांना सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पूर्वी कातडीवर काही उठलं तर निवाडा नजरेनेच व्हायचा. वैद्य असो, डॉक्टर असो, नाहीतर सासू असो, बघायचं आणि ठरवायचं. पांढरा डाग दिसला की कोड, बधिर चट्टा दिसला की महारोग. दोन्ही एकाच पारड्यात टाकून किती बायकांना माहेरी पाठवलं गेलं, हे आपल्या गावागावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. कोड संसर्गाने पसरत नाही. महारोग, म्हणजे कुष्ठरोग, जंतूमुळे होतो आणि आज औषधाने पूर्ण बरा होतो. पण नजरेला हा फरक कसा कळावा? नॉर्वे देशातल्या बर्गन गावी १८७३ साली हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी रोग्याच्या गाठीतला भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना त्यात काडीसारखे जंतू दिसले. तोवर हा रोग आईबापांकडून येतो किंवा देवाचा कोप आहे, असं लोक धरून चालत. अंगाचा चिमूटभर भाग भिंगाखाली गेला आणि शापाचा रोग झाला.

तिळाचंही असंच. आपण तिळाला भाग्याची खूण म्हणतो, आणि बहुतेक तीळ जन्मभर निरुपद्रवीच राहतात. पण एखादा तीळ वाढतो, रंग बदलतो, आणि त्यातून काळा कॅन्सर होतो. डॉक्टरांच्या गळ्यातली छाती तपासायची नळी ज्यांनी शोधून काढली, त्या फ्रान्सच्या लेनेक यांनी १८०४ साली या काळ्या गाठींना वेगळा रोग म्हणून नाव दिलं. १८२० साली इंग्लंडमधल्या विल्यम नॉरिस या डॉक्टरांनी अशा एका रोग्याची हकीकत लिहिली. त्यांनी बारकाईने नोंदवलं की रोग्याच्या वडिलांनाही असाच आजार झाला होता. या लोकांची नजर तयार होती. तरी कुठला तीळ साधा आणि कुठला घातकी, हे बहुतेक वेळा रोग पसरल्यावरच कळायचं.

मग नजर आत कशी गेली? बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८५८ साली छापलेल्या व्याख्यानांत सांगितलं की आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे, आणि रोग शोधायचा तर पेशीत शोधा. भिंत का ढासळली हे बघायला एकेक वीट बघावी, तसं. पण त्या काळात पेशी बघायच्या त्या बहुधा माणूस गेल्यावर, शव उघडून. जिवंत माणसाच्या अंगाचा लहानसा तुकडा घेऊन तो जिवंत असतानाच रोग ओळखायचा, या रीतीला नाव मिळालं १८७९ साली. पॅरिसमध्ये कातडीच्या रोगांचं मोठं रुग्णालय होतं. तिथले डॉक्टर अर्नेस्ट बेनिए यांनी ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले. एकाचा अर्थ जीवन, दुसऱ्याचा पाहणं. झाला शब्द बायोप्सी. ज्या शब्दाला आपण मरणाची चिठ्ठी समजतो, त्याच्या पोटात जीवन हा शब्द आहे. हे आक्कांना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा गप्प बसून ऐकायला लागल्या.

तुकडा नुसता भिंगाखाली ठेवला तर काही दिसत नाही. सगळं पाण्यासारखं फिकट. इथे कामाला आला कापड रंगवायचा रंग. मेक्सिकोच्या कांपेचे भागात एक झाड होतं. त्याच्या लाकडापासून निळा-काळा रंग निघायचा. स्पॅनिश लोक ते लाकूड जहाजं भरभरून युरोपात न्यायचे, कापड रंगवायला. त्याच लाकडाच्या अर्काने पेशींच्या मधले ठिपके जांभळे-निळे होतात. जोडीला इओसिन नावाचा गुलाबी रंग आला, त्याला ग्रीकांच्या पहाटेच्या देवीचं नाव दिलेलं. हे दोन रंग १८७० च्या दशकात जोडीने वापरायला लागले, आणि आजही जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तुमचा-आमचा तुकडा याच दोन रंगांत बुडवतात. त्याआधी तो मेणात घट्ट बसवतात आणि केसापेक्षा कितीतरी पातळ काप करतात. साडी रंगवणं, मेण ओतणं, काप करणं. कामं आपल्या ओळखीची आहेत, फक्त माप बारीक.

हत्यारही सुधारलं. १८८७ साली न्यूयॉर्कच्या एडवर्ड कीज या डॉक्टरांनी कातडीसाठी एक पोकळ, गोल धारेची छोटी नळी वापरात आणली. पोळीतून वाटीने पुरी कापतो तशी ती फिरवायची, की मुगाएवढा गोल तुकडा सुटून येतो. तेच हत्यार, थोडं बदललेलं, आजही वापरतात. आणि दुखण्याचं म्हणाल, तर १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवून दिलं की सगळा माणूस न झोपवता तेवढीच जागा बधिर करता येते. पुढे १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन हे औषध तयार झालं. दात काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात, ते बहुधा याच औषधाचं. म्हणजे तुकडा काढताना सुई टोचल्याचं आणि औषध जाताना झोंबल्याचं जे दुखेल, तेवढंच. नंतर दाबल्यासारखं कळतं, कापल्याचं कळत नाही.

आता आक्कांच्या नणंदेच्या गोष्टीकडे येऊ. कारण तशीच गोष्ट एका राजाचीही आहे. १८८७ साली जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. घशात गाठ होती. जर्मन डॉक्टर म्हणाले, कॅन्सर दिसतोय, कापून काढू. इंग्लंडहून मॅकेन्झी नावाचे डॉक्टर बोलावले. त्यांनी घशातला छोटा तुकडा काढला आणि तपासायला दिला तो त्याच फिरखोंकडे. फिरखोंना त्यात कॅन्सर सापडला नाही. ऑपरेशन राहिलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये फ्रेडरिक बादशहा झाला आणि नव्व्याण्णव दिवस राज्य करून घशाच्या कॅन्सरनेच गेला. जगातला सगळ्यात नावाजलेला तपासनीस, आणि रोगी साक्षात युवराज, तरी असं झालं. कारण जो तुकडा हाती येतो त्यात जे असेल तेवढंच सांगता येतं. म्हणून आजचे डॉक्टर जखमेच्या मधला कुजका भाग न घेता कडेचा, जिथे चांगली आणि बिघडलेली कातडी भेटते तिथला तुकडा घेतात. अहवालात काही निघालं नाही आणि जखम तरीही भरत नसेल, तर पुन्हा तपासतात.

लोकांनी मात्र अशा गोष्टींतून उलटा अर्थ काढला, की तुकडा काढल्यामुळे माणूस गेला. नीट बघितलं तर तुकडा काढायची वेळ येते तेव्हा रोग बहुतेकदा आधीच पुढे गेलेला असतो, कारण आपण गेलेलो असतो दोन वर्षं उशिरा. कातडीच्या कॅन्सरचा तुकडा काढल्याने रोग पेटला, असं तपासात दिसून आलेलं नाही. नणंदबाईंना सुरीने नेलं नाही, उशिराने नेलं.

हे सगळं परदेशात झालं, आपला काय संबंध, असं म्हणाल. तर आता आपल्या देशात या. काश्मीरमध्ये थंडी फार. तिथले लोक निखाऱ्यांचं मडकं, त्याला कांगडी म्हणतात, अंगरख्याच्या आत पोटाशी धरून बसतात. १८६६ साली एल्मस्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी लिहून ठेवलं की तिथे पोटावर आणि मांडीवर कॅन्सर दिसतो, जो इतरत्र अगदी क्वचित. वर्षानुवर्षं त्याच जागी धग लागायची, त्यातून तो व्हायचा. रीत माणसाची असते, तिची नोंद कातडी ठेवते.

मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्याकडे होती. देशभरातून येणाऱ्या रोग्यांचे तुकडे त्यांच्या टेबलावर यायचे. १९४५ साली खानोलकर आणि बी. सूर्याबाई या दोघांनी मिळून एक लेख छापला. विषय असा, की आपल्याकडच्या रीतींमधून होणारे कॅन्सर. त्यात तंबाखू-चुन्याचा होता, चुट्टा ओढण्याचा होता, आणि धोतराचाही होता. कमरेला धोतर रोज त्याच जागी घट्ट आवळून तिथे वळ पडतो, वळाची जखम होते आणि एखाद्याची जखम कॅन्सरकडे जाते, हे त्यांनी मांडलं. त्याला धोतराचा कॅन्सर असं नावच पडलं. नंतर डॉक्टरांना तोच रोग बायकांच्या कमरेवर दिसला, तेव्हा साडीचा कॅन्सर म्हणू लागले.

१९५२ साली खानोलकरांनी मुंबईत कॅन्सर संशोधन केंद्र उभं केलं. तिथे पुण्याच्या कमल रणदिवे काम करत होत्या. अंगातल्या पेशी अंगाबाहेर काचेच्या भांड्यात वाढवून अभ्यासायची प्रयोगशाळा त्यांनी तिथे उभी केली. कॅन्सरवर आणि कुष्ठरोगावर काम केलं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आम्हाला त्यांची आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई, पण नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करायला आणि खेड्यातल्या बायकांशी आरोग्याचं बोलायला त्या जायच्या.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकीकत इंग्लंडच्या मासिकात छापली. एक सत्तर वर्षांच्या, परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या. त्यांची कुशीवरची जखम दीड वर्षं भरत नव्हती. दुसऱ्या सत्तरीला टेकलेल्या, चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं आवळून नेसणाऱ्या. त्यांची जखम दोन वर्षांची होती. दोघींचा तुकडा तपासला, दोघींना कातडीचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या बाईंच्या जांघेतल्या गाठीपर्यंत तो पोचलाही होता. डॉक्टरांनी लिहिलं की दोष साडीचा नाही, आवळण्याचा आहे.

ही शेवटची हकीकत आक्कांना वाचून दाखवली. दुसऱ्या बाईंच्या गाठीचं ऐकून त्यांनी स्वतःच्या जांघेवर हात ठेवला. म्हणाल्या, "उद्याच्या एसटीने जाऊ."

तर तिथे काय झालं ते सांगतो, म्हणजे तुमची भीती कमी होईल. आधी विचारलं, साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाचा त्रास होतो का. हे लपवू नका. मग जागा पुसून बधिर केली. कडेचा तुकडा घेतला, दोन टाके घातले, पट्टी लावली. तुकडा औषधाच्या पाण्याच्या बाटलीत टाकला. बाटलीवर नाव लिहिलं, ते आम्ही वाचून घेतलं. सगळं अर्ध्या तासात. आक्का बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढंच? एवढ्यासाठी मी चार महिने झोपले नाही?"

चूक पुढे झाली. कागदावर मुलाचा फोन नंबर होता आणि मुलगा ऊसतोडीला गेलेला. अहवाल तयार होऊन तीन आठवडे पडून राहिला. आम्हीही विचारायला गेलो नाही, वाटलं फोन येईल. तुकडा देणं हे अर्धं काम, अहवाल हातात घेऊन डॉक्टरांना दाखवणं हे उरलेलं अर्धं. आता आमच्या ग्रामसंघाच्या वहीत एक नवा रकाना आहे: कुणी तपासणी दिली, अहवाल कधी मिळणार, आणायला कोण जाणार. कागदावर दोन नंबर लिहायचे, एक घरचा, एक गटातल्या बाईचा.

अहवालात कॅन्सर निघाला. कातडीच्या वरच्या थराचा. जांघेतली गाठ तपासली, तिथे नव्हता. मेडिकल कॉलेजला नेऊन जखम भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढली आणि मांडीची कातडी तिथे लावली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जातात. पुढचं पुढे, पण मागच्या बैठकीला हप्ता घेऊन आल्या होत्या.

त्याच बैठकीत आक्कांनी सगळ्यांना कमरेचे वळ दाखवायला लावलं. दार लावून घेतलं आणि एकेकीने पदर सारला. बावीस बायकांत एकीची कंबर डागाशिवाय नव्हती. दोघींचे व्रण भरत नव्हते, त्या तपासून आल्या. एकीला तुकडा द्यावा लागला. दोघींना कॅन्सर नाही.

सरकारी तपासणीत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड बघतात. कातडीचं आपणच लक्षात ठेवायचं. कुठलीही जखम महिन्याभरात भरत नसेल, तिच्या कडा जाड होत असतील, सारखं रक्त येत असेल, जुन्या भाजल्याच्या वणात नवी जखम झाली असेल, तर दाखवा. तीळ वाढत असेल, आकार वेडावाकडा होत असेल, रंग बदलत असेल, तर दाखवा. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत काळा कॅन्सर कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. अनवाणी चालणाऱ्या बाईला ते कुरूप वाटतं. पाय धुताना तळवा उलटा करून बघत जा.

आणि नाडी रुंद पट्टीची घ्या. रोज एकाच जागी गाठ मारू नका. घरी आल्यावर सैल करा. कनवटीला पैसे बांधायचे तर बांधा, पण कमरेला श्वास घेऊ द्या.

आक्कांनी आम्हाला विचारलं होतं, "तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही हसलात का गं?" त्याचं उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही. हे बोलणं म्हणजे तेच उत्तर समजा. आज रात्री नाडी सोडाल तेव्हा दिव्याजवळ उभ्या राहा आणि एकदा कंबर बघा. काही वाटलं तर गटात सांगा. आम्ही हसणार नाही.